चिमणी लावली की बाथरूममधून वास का येतो? बंदिस्त घरातल्या बदली हवेची दुखणी आणि दुरुस्ती

तक्रार साधारण अशी असते. फ्लॅट नवा, किंवा नुकताच नीटनेटका करून घेतलेला. जुन्या खडखडणाऱ्या खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या बसवल्या, मुख्य दाराला खालून रबरी पट्टी लावली, ड्राय बाल्कनी काचांनी बंद केली. आता फोडणी टाकताना चिमणी तीन नंबरवर नेली की पाच मिनिटांत घरभर गटाराचा वास. प्लंबर येतो, ॲसिड ओततो, जाळी बदलतो, डांबराच्या गोळ्या टाकून जातो. आठ दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. काही घरांत गटाराऐवजी खालच्या मजल्यावरच्या सुक्या बोंबलाचा वास येतो. काही ठिकाणी वास नसतोच, पण दाराच्या फटीतून शिट्टी वाजते, आणि मुख्य दार लावताना कुणीतरी बाहेरून रेटून धरल्यासारखं वाटतं.

वास मोरीतून येतो म्हणून सगळे मोरीतच शोधत बसतात. खरं कारण स्वयंपाकघरात असतं. चिमणी जेवढी हवा बाहेर फेकते तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. एसीवाले तिला मेकअप एअर म्हणतात, आपण बदली हवा म्हणू. खिडक्या फटींनी भरलेल्या होत्या तोवर ती गुपचूप येत होती. फटी बुजल्या आणि तिच्यासाठी दुसरा रस्ता कुणी ठेवला नाही, तेव्हा तिने स्वतःच शोधून काढला.

आकडे काय सांगतात

चिमणीच्या खोक्यावर तासाला १२०० घनमीटर असं काहीतरी लिहिलेलं असतं. पाइप, वळणं, तेलकट जाळी हे सगळं धरून हिशेबासाठी निम्मे, म्हणजे ६०० घ्यावेत. ६५० चौरस फूट कार्पेटचा, साडेनऊ फूट उंचीचा फ्लॅट म्हणजे सुमारे १७५ घनमीटर हवा. म्हणजे अठरा मिनिटांत घरातल्या सगळ्या हवेइतकी हवा बाहेर. पोळ्या होईपर्यंत दोनदा.

एवढी हवा आत यायला वाट नसेल तर घरातला दाब उतरतो. घट्ट बंद घरात तो बाहेरच्यापेक्षा ३० पास्कल खाली जाणं अवघड नाही. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तीन बाय सात फुटांच्या दारावर त्याचा एकूण जोर जवळपास सहा किलोचा होतो. आपल्याकडे मुख्य दार आत उघडतं. त्यामुळे लॅच सुटताच ते आपोआप आत येतं आणि लावताना अडतं.

दाब उतरला की चिमणीही कमी ओढते. धूर शेगडीच्या कडेने निसटायला लागतो, गृहिणी चिमणीचा नंबर वाढवते, दाब अजून उतरतो. मग ‘चिमणीत दम नाही’ म्हणून कंपनीचा माणूस बोलावला जातो. तो मोटर तपासून, ठीक आहे म्हणून, व्हिजिट चार्ज घेऊन जातो. मोटर खरंच ठीक असते.

आधी उदबत्ती, मग प्लंबर

गॅसचा वास येत असेल तर ही चाचणी करू नका. आधी रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा. नसेल तर घरातल्या बाहेरच्या सगळ्या खिडक्या-दारं लावा, आतली दारं उघडी ठेवा, पंखे आणि एसी बंद करा. चिमणी सर्वांत वरच्या नंबरवर लावून तीन मिनिटं थांबा. मग पेटती उदबत्ती घेऊन फिरा आणि धूर कुठे खोलीच्या दिशेने ढकलला जातो ते बघा. बघायच्या जागा: प्रत्येक बाथरूमची मोरी, बेसिन आणि सिंकचा पाइप जमिनीत किंवा भिंतीत शिरतो ती जागा, वॉशिंग मशीनचा आउटलेट, ड्राय बाल्कनीची जाळी, एसीच्या तांब्याच्या नळ्यांचं भोक, आणि बाथरूमचा बंद असलेला एक्झॉस्ट पंखा. स्विचबोर्डसुद्धा सोडू नका. कन्सील्ड पाइपांतूनही हवा येते.

बंद एक्झॉस्टकडे नीट बघा. त्याची पाती सावकाश उलटी फिरताना दिसली तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही. डक्टमधली, म्हणजे बाथरूममागच्या उभ्या पोकळीतली, हवा त्या वाटेने घरात येते आहे. बोंबलाचं कोडं तिथेच सुटतं.

आता बैठकीच्या खोलीची सरकती खिडकी चार बोटं उघडा आणि तीच फेरी पुन्हा मारा. मोरीवरचा धूर सरळ वर जायला लागला तर दुखणं बदली हवेचं आहे. खिडकी उघडूनही वास तसाच असेल, किंवा चिमणी बंद असतानाही येत असेल, तर मात्र चोकअप, फुटलेला पाइप किंवा बंद झालेला व्हेंट पाइप शोधावा. तिथे प्लंबरच लागेल.

भरलेला ट्रॅप दाद देत नाही

मोरीखाली पाणी साठवून गटाराची हवा अडवणारं वळण असतं, त्याला नानी ट्रॅप म्हणतात. त्यात साधारण ५० मिलिमीटर पाण्याची अडवण असते. एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे १० पास्कल. म्हणजे भरलेला ट्रॅप ५०० पास्कलला पुरून उरतो, आणि घरगुती चिमणी खोलीतला दाब तिथवर नेऊ शकत नाही. तेव्हा मोरीतून हवा येत असेल तर तिथे पाण्याची अडवण पूर्ण नाही, असंच समजायचं. ती चार कारणांनी नसते.

पहिलं, पाणी आटलेलं. पाहुण्यांच्या बाथरूमची मोरी महिना-महिना वापरात नसते. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत पाणी खाली जातं. दोन तांबे पाणी ओता, वास थांबतो. घर दीर्घकाळ बंद राहणार असेल तर पाण्यावर दोन चमचे लिक्विड पॅराफिन सोडा, औषधाच्या दुकानात मिळतं. खाण्याचं तेल ओतू नका, ते कुजून स्वतःच वास मारतं.

दुसरं, जाळीखालची वाटी गायब. बऱ्याच जाळ्यांखाली उलटी वाटी असते आणि तीच पाण्यात बुडून हवा अडवते. केस अडकतात म्हणून ती काढली जाते आणि खिडकीच्या कट्ट्यावरच राहते. शिवाय अशा वाटीचं पाणी मुळातच १५-२० मिलिमीटर, ते लवकर आटतं.

तिसरं कारण सर्वांत जास्त सुटतं: ट्रॅपच नसलेली जोडणी. स्प्लिट एसीचा पाण्याचा बारीक पाइप थेट ड्रेनेजच्या उभ्या पाइपात घुसवलेला असतो. एसी चालू असताना त्यातून पाणी वाहतं म्हणून कुणाला संशय येत नाही. हिवाळ्यात एसी बंद, पाइप कोरडा, आणि बेडरूमच्या एसीतून गटाराचा वास. हा पाइप मोरीच्या जाळीवर मोकळा सोडावा, किंवा त्याला खाली वळसा देऊन पाणी अडेल असा ट्रॅप करावा आणि उन्हाळा सोडून महिन्यातून एकदा त्यात पाणी ओतावं.

चौथं, बेसिनचा लवचीक पाइप नुसता भोकात खुपसलेला. बाजूने बोटभर फट असते. तिथे बसतं रबरी कॉलर. वीस-तीस रुपयांची वस्तू. एम-सील लावलं तर पुढच्या वेळी पाइप काढताना फरशी फुटते.

एवढं केलं की वास थांबतो, पण दुखणं संपत नाही. मोरी बंद झाली की हवा दुसरीकडून ओढली जाते. आणि ती दुसरी जागा गॅस गिझरची असेल, तर गोष्ट वासावर थांबत नाही.

गॅस गिझर असेल तर हे आधी वाचा

सहा लिटरचा इन्स्टंट गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला जवळपास एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला १२-१३ घनमीटर हवा लागते. पाच बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये एकूण हवाच नऊ घनमीटर. पंधरा मिनिटांची आंघोळ म्हणजे त्यातल्या एक तृतीयांश हवेचा प्राणवायू खर्च. प्राणवायू २१ टक्क्यांवरून दोन-तीन टक्के उतरला तरी ज्योत बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. कडी आतून लावलेली असते. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येणाऱ्या बातम्या याच असतात.

बाथरूममध्ये गिझर नको, हे आता बहुतेकांना पटलंय. म्हणून तो ड्राय बाल्कनीत लावतात. ती जागा बरोबर आहे, जोवर ती बाल्कनी उघडी आहे तोवर. काचा लावल्या की ती एक छोटी बंद खोली झाली, आणि स्वयंपाकघराचं दार तिच्यात उघडतं. चिमणी चालू असताना बदली हवा ड्राय बाल्कनीतून ओढली जाते, सोबत गिझरचा जळका वायूही स्वयंपाकघरात येतो. एकजण आंघोळ करतोय, दुसरा फोडणी देतोय, असं रोज सकाळी घडतं.

इथे तडजोड नाही. गिझर असलेल्या बाल्कनीची खिडकी वरून आणि खालून कायमची उघडी हवी. सरकवता येईल अशी नाही, कायमची. वरची आणि खालची एकेक काचपट्टी काढून तिथे जाळी बसवा. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळला तर खालीच साचतो, म्हणून खालची जाळी फरशीलगत हवी. पाइपचा गॅस हलका, तो वर जातो. स्वयंपाकघर आणि बाल्कनीमधलं दार आंघोळीच्या वेळी बंद ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा स्वतंत्र अलार्म लावा. एलपीजी गळतीचा अलार्म हा वायू ओळखत नाही, दोन्ही वेगळी यंत्रं आहेत. आणि काचा हव्याच असतील तर विजेचा गिझर घ्या.

अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या नमुना संहितेत हीच जोडी लक्षात घेतली आहे: चिमणी मिनिटाला ४०० घनफुटांहून जास्त ओढणारी असेल, आणि घरात नैसर्गिक ओढीवर धूर सोडणारं ज्वलनाचं उपकरण असेल, तर बदली हवेची सोय सक्तीची. ४०० घनफूट म्हणजे तासाला ६८० घनमीटर. आपल्याकडची १२०० वाली चिमणी लेबलवर त्याच्या पावणेदोन पट आहे. तिकडे राहणाऱ्यांनी इथली चिमणी सामानातून नेण्याआधी हा हिशेब जरूर करावा.

किती उघडायचं?

तासाला ६०० घनमीटर हवा आत यायची आणि दाब ५ पास्कलच्या पलीकडे उतरू द्यायचा नाही, तर सुमारे ९४० चौरस सेंटिमीटर मोकळी जागा लागते. म्हणजे साधारण एक चौरस फूट. चार फूट उंच सरकती खिडकी आठ सेंटिमीटर उघडली की ती भरते. म्हणून वर ‘चार बोटं’ म्हटलं. मच्छरजाळी असेल तर सहा-सात बोटं धरा. जाळीची तार अर्धीअधिक जागा खात नसली तरी तिच्यावरची धूळ-तेलाची साय नक्की खाते. ती जाळी उजेडासमोर धरून पाहा. भोकं भरलेली दिसली तर साबणाच्या गरम पाण्यात बुडवून ब्रशने घासा.

कोणती खिडकी, हेही महत्त्वाचं. शेगडीशेजारची उघडली तर वाऱ्याने ज्योत फडफडते आणि धूर चिमणीखालून बाजूला ढकलला जातो. चिमणीच्या पाइपचं तोंड त्याच भिंतीवर असेल तर बाहेर टाकलेलं तेच तेलकट वारं परत आत. म्हणून बैठकीची किंवा समोरच्या बाजूची खिडकी उघडावी, हवा घर ओलांडून येऊ द्यावी. चिमणी एक नंबरवर भागत असेल तर निम्मी फट पुरते. नुसता भात लावताना तीन नंबर कशाला?

भिंतीला सहा इंची भोक पाडून काम होईल असं अनेकांना वाटतं. सहा इंची भोक म्हणजे १८० चौरस सेंटिमीटर. चिमणीसाठी अशी पाच लागतील. त्यापेक्षा खिडकी बरी.

चिमणीच्या पाइपाचं थोडक्यात. कंपनी सहा इंची तोंड देते आणि भिंतीतलं भोक चार इंची म्हणून मिस्त्री रिड्यूसर लावतो. तेवढीच हवा चार इंची पाइपातून न्यायची तर घर्षण सुमारे साडेसातपट होतं, पाच इंचीत अडीचपट. ॲल्युमिनियमचा लवचीक पाइप पूर्ण ताणून लावा, चुरगळलेला ठेवू नका, आणि वळणं दोनपेक्षा जास्त नकोत. पाइपचं तोंड बंद ड्राय बाल्कनीत सोडलेलं असेल तर ती चिमणी घरातली हवा घरातच फिरवते आहे.

बाथरूमचा पंखा फिरतो, आरसा मात्र धुकटच

इथला दोष आपल्या इमारतींत इतका सर्रास आहे की बिल्डरकडूनच तसा येतो. बाथरूमच्या खिडकीत काचेच्या पट्ट्या असतात. त्यातल्या दोन-तीन काढून त्या जागी एक्झॉस्ट बसवतात, बाकीच्या उघड्याच राहतात. पंखा शेजारच्या पट्टीतून बाहेरची हवा ओढतो आणि तीच बाहेर फेकतो. बाथरूममधली वाफ जागच्या जागी. उदबत्ती पंख्याशेजारच्या पट्टीजवळ धरा, धूर वीतभर वळून थेट पात्यांत जाताना दिसेल.

उरलेल्या पट्ट्यांवर आतून ३ मिलिमीटरचं ॲक्रिलिक कापून सिलिकॉनने चिकटवा. हवा आता दाराखालून येऊ द्या. सहा इंची पंख्याला, प्रत्यक्ष तासाला १५० घनमीटर धरले तर, २३० चौरस सेंटिमीटर वाट लागते. अडीच फुटी दाराखाली एक सेंटिमीटर फट म्हणजे फक्त ७५. ग्रॅनाइटचा उंबरा असेल तर तीही नाही. दार तीन सेंटिमीटर कापायची कुणाची तयारी नसते, म्हणून खालच्या भागात एक फूट बाय सहा इंचांची पट्ट्यांची जाळी बसवणं सोपं. पट्ट्या जागा खातात, तरी काम भागतं.

पंख्याच्या बाहेरच्या बाजूला आपोआप मिटणारी झडप हवीच. पंखा बंद झाला की तिच्या पट्ट्या वजनाने खाली पडल्या पाहिजेत. सहा महिन्यांत त्यांवर धूळ आणि कबुतराची पिसं बसून त्या अर्धवट उघड्या अडकतात, आणि डक्टची हवा पुन्हा चालू. पंखा पुसताना बोटाने एकेक पट्टी हलवून बघायची.

एसीची बेडरूम: सकाळी डोकं जड

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो. बाहेरची हवा त्यात येत नाही. विंडो एसीला निदान एक छोटी झडप तरी असायची. दहा बाय बारा फुटांची खोली, ३२ घनमीटर. झोपलेला प्रौढ माणूस तासाला सुमारे १३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, दोघांचा २६. खिडक्या घट्ट असतील तर रात्री अकराला ४५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) असलेला त्याचा आकडा सकाळी सहाला साडेतीन हजारांच्या आसपास जातो. हे विष नव्हे, पण झोप उथळ होते, तोंड कोरडं पडतं, आणि गादी-फर्निचरमधून निघणारा वास, घामाचा ओलावा, सगळं त्याच हवेत साचतं.

तासाला ५० घनमीटर ताजी हवा दिली तर तोच आकडा १००० च्या खाली राहतो. मोजायला मीटर घ्यायचा तर एनडीआयआर सेन्सरचा, म्हणजे अवरक्त किरणांनी थेट कार्बन डायऑक्साइडच मोजणारा घ्या. स्वस्तातले काही मीटर दुसराच वायू मोजून अंदाजाने आकडा दाखवतात. आणल्या दिवशी गच्चीवर पंधरा मिनिटं ठेवा, ४२० ते ४५० दाखवलं पाहिजे. उशाशी ठेवू नका, श्वास थेट त्यावर पडतो.

‘एसीची हवा बाहेर जाईल, बिल वाढेल’ ही भीती हिशेबाने तपासू. बाहेर मुंबईची दमट ३२ अंश, आत २५. पन्नास घनमीटर हवा थंड आणि कोरडी करायला सुमारे अर्धा किलोवॉट थंडावा लागतो, त्यातला तीन चतुर्थांश केवळ ओलावा काढण्यात जातो. विजेत ते १४० वॉट. आठ तासांत एक युनिटच्या जरा वर. पुण्यात रात्री हवा कोरडी आणि थंड असते, तिथे याहून कमी.

सर्वांत स्वस्त उपाय, खिडकी एक बोट उघडी. पण वारा पडला तर हवा येत नाही, आणि रस्त्याचा आवाज, डास, धूळ येतात. पक्का उपाय म्हणजे चार इंची इन्लाइन (पाइपातच बसणारा) पंखा आणि फिल्टरची पेटी, हवा आत ढकलणारी. बेडरूमला एक्झॉस्टपेक्षा हा बरा. एक्झॉस्ट लावला तर दमट हवा भिंतींच्या फटी, स्विचबोर्ड आणि कपाटामागून आत ओढली जाते आणि थंड जागी बुरशी धरते. आत ढकलली तर ती फिल्टरमधून, एकाच ठिकाणाहून येते. आणि जुनी हवा दाराखालून किंवा टॉयलेटच्या पंख्यातून बाहेर जाते. तो रस्ता बंद केलात तर पुन्हा पहिल्यापासून.

बसवताना चुकणाऱ्या गोष्टी:

– भोक बाहेरच्या बाजूला उताराचं हवं. नऊ इंची भिंतीत पाच मिलिमीटर उतार पुरतो. उलटा उतार असेल तर जूनमध्ये पाणी उशीवर.
– बाहेर तोंडाला खाली वळणारा काउल आणि जाळी. जनरेटर, चिमणीचं तोंड आणि टॉयलेटच्या डक्टपासून दहा फूट लांब.
– आत हवा एसीच्या वरच्या बाजूला, जिथून तो हवा ओढतो तिथे सोडा. थंड झोताच्या तोंडावर दमट हवा सोडली की एसीच्या पट्ट्यांवर घाम येतो आणि थेंब पडतात.
– फिल्टर वाऱ्याला अडवतो. ५० घनमीटर हवे तर १०० च्या वरचा पंखा घ्या आणि रेग्युलेटरने कमी करा.
– फिल्टर दोन-तीन महिन्यांनी बदला. शेजारी बांधकाम चालू असेल तर दर महिन्याला उघडून बघा. पावसाळ्यात ओलसर राहिला तर कुबट वास तोच देतो.

भोक पाडण्याआधी भिंत ओळखा. विटांची किंवा एएसी ब्लॉकची असेल तर कोअर कटिंगने दहा मिनिटांचं काम, बीम आणि कॉलम सोडून. पण अलीकडचे अनेक टॉवर मिवान शटरिंगचे आहेत, त्यांत घराच्या बहुतेक सगळ्या भिंती सळईच्या काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचं वजन त्यांच्यावर असतं. ड्रिल घातल्यावर लाल भुकटी न येता राखाडी पीठ येतं आणि बिट तापतं, तेव्हाच थांबा. ब्लॉकचीही भुकटी राखाडीच असते, पण तिथे बिट लोण्यात सुरी जावी तसं जातं. मिवानच्या इमारतीत सोसायटीच्या परवानगीनेही भोक पाडू नये. खिडकीच्या वरच्या तावदानाची काच काढून त्या जागी १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय किंवा ॲक्रिलिक बसवा आणि भोक त्यात घ्या. या इमारती इतक्या घट्ट का असतात, तेही यातच आलं: ओतीव काँक्रीटला फटी नसतात.

ईआरव्ही, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेचा थंडावा आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र, घ्यायचं मनात असेल तर नावातला एक शब्द तपासा. एचआरव्ही फक्त उष्णता वळवतं, ते थंड देशांसाठी. कोकण, मुंबई, गोव्यात ओलावाही वळवणारं ईआरव्ही हवं, नाहीतर वाचवायची तीन चतुर्थांश गोष्ट सुटून जाते. त्याला स्वयंपाकघराची किंवा संडासाची हवा जोडू नका. आत-बाहेरची दोन तोंडं मीटरभर तरी लांब ठेवा. एका बाजूचा फिल्टर तुंबला की दोन्ही प्रवाह जुळत नाहीत, आणि तुंबलेली बाजू आत येणाऱ्या हवेची असेल तर घरातला दाब पुन्हा उतरतो, म्हणून दोन्ही फिल्टर एकाच दिवशी साफ करायचे.

छोट्या ऑफिसात तीन वाजता सगळे जांभया देतात, तिथे हिशेब वेगळा नाही, फक्त मोठा आहे. अमेरिकेतल्या एसी अभियंत्यांच्या ६२.१ या मानकाप्रमाणे ऑफिसला माणशी सेकंदाला अडीच लिटर, अधिक दर चौरस मीटरला ०.३ लिटर. २० माणसं, ६० चौरस मीटर, म्हणजे तासाला जवळपास २४५ घनमीटर. एवढ्यासाठी डक्ट दिलेला असतो. फॉल्स सीलिंगची एक टाइल उचलून बघा, ताज्या हवेच्या तोंडावर थर्मोकोल आणि चिकटपट्टी सापडण्याची शक्यता बरीच. एसी थंड करत नाही म्हणून कुणीतरी उन्हाळ्यात लावलेली असते.

सगळं झाल्यावर शेवटची तपासणी सर्वांत वाईट परिस्थितीत करा. चिमणी तीन नंबरवर, एका बाथरूमचा एक्झॉस्ट चालू, दुसऱ्याचा बंद, गिझर विझलेला, ठरवलेली खिडकी ठरवलेल्या बोटांइतकीच उघडी. पाच मिनिटांनी बंद ठेवलेल्या पंख्यापाशी जा. पाती स्थिर आणि झडप मिटलेली असेल तर चौकटीवर पेन्सिलने खूण करून ठेवा, खिडकी रोज तिथवर. पाती उलटी सरकत असतील तर अजून दोन बोटं उघडा आणि पुन्हा बघा.